तारापूर अणुइंधन वाद

तारापूर अणुइंधन वाद हा भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूर अणुविद्युत् केंद्राच्या इंधनपुरवठ्यावरून प्रामुख्याने १९७४ ते १९९३ या काळात चाललेला राजनैतिक व कायदेशीर वाद होय. मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० कि.मी. अंतरावर, तत्कालीन ठाणे (आता पालघर) जिल्ह्यात, समुद्रकाठी असलेल्या या केंद्राला तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरविण्याचे अमेरिकेने १९६३ च्या कराराने मान्य केले होते. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर हा पुरवठा आधी रेंगाळला आणि पुढे बंद पडला. वरवर पाहता हा पुरवठादार आणि ग्राहक यांच्यातील तंटा दिसतो. परंतु त्यातील प्रत्येक कलमामागे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात अण्वस्त्रांमुळे निर्माण झालेला अविश्वास उभा आहे. म्हणून त्या अविश्वासाची हकीकत पाहिल्यावाचून हा वाद नीट समजत नाही.

महायुद्धोत्तर अविश्वास

अमेरिका आणि सोव्हिएत संघ हे जर्मनीविरुद्ध एकाच बाजूने लढले होते. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली. त्यानंतर आठ दिवसांनी पॉट्सडॅम येथील परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्याकडे असाधारण विध्वंसक शक्तीचे एक नवे अस्त्र असल्याचे स्टालिन यांना जाता जाता सांगितले. ते अस्त्र अणुबाँब आहे हे मात्र सांगितले नाही. स्टालिन यांनी फारसे कुतूहल दाखविले नाही, कारण ब्रिटिश पथकातील शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स व इतर हेरांकडून त्यांना या प्रकल्पाची बातमी आधीच लागली होती. एकाने लपविले आणि दुसऱ्याने माहीत असून दाखविले नाही. पुढील अर्धशतकाच्या संबंधांचा नमुना त्या काही मिनिटांत पाहावयास मिळतो. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी ही शहरे उद्ध्वस्त झाली. या बाँबचा धाक जपानइतकाच आपल्यालाही घालावयाचा होता, असा मॉस्कोचा ग्रह झाला. तो कितपत खरा होता याविषयी इतिहासकारांत अद्याप एकमत नाही. त्याचे परिणाम मात्र खरे होते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ जानेवारी १९४६ रोजी संमत केलेला पहिलाच ठराव अणुशक्तीच्या नियंत्रणासंबंधी होता. त्या ठरावान्वये नेमलेल्या आयोगापुढे १४ जून १९४६ रोजी अमेरिकेचे प्रतिनिधी बर्नार्ड बरूक यांनी एक योजना मांडली. युरेनियमच्या खाणींपासून कारखान्यांपर्यंत सारे काही एका आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाच्या हाती द्यावे. नियमभंग करणाऱ्याला शिक्षा करताना कोणाला नकाराधिकार नसावा. आणि ही व्यवस्था पूर्णपणे उभी राहिल्यावर अमेरिका आपले बाँब मोडीत काढील, असे तिचे स्वरूप होते. पाच दिवसांनी सोव्हिएत प्रतिनिधी ग्रोमिको यांनी नेमका उलटा क्रम सुचविला. त्यांच्या मते आधी बाँब नष्ट व्हावेत आणि तपासणीचा विचार मग व्हावा. "आधी तू, मग मी" एवढ्यावरच ही बोलणी अडली. सोव्हिएत संघाला तपासणी म्हणजे उघड हेरगिरी वाटत होती. अमेरिकेच्या दृष्टीने तपासणीवाचून दिलेल्या शब्दाला काही मोल नव्हते. वर्षअखेरीस आयोगाने योजना मतास टाकली तेव्हा सोव्हिएत संघ आणि पोलंड तटस्थ राहिले आणि ती कागदावरच राहिली.

दरम्यान अमेरिकेने १ ऑगस्ट १९४६ च्या कायद्याने आपले अणुविषयक ज्ञान परकीयांना देण्यास बंदी केली. ज्या ब्रिटनचे शास्त्रज्ञ बाँबच्या कामात खांद्याला खांदा लावून झटले होते, त्या ब्रिटनलाही हे दार बंद झाले. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने पहिली चाचणी केली. अमेरिकेच्या विमानांनी वातावरणातील किरणोत्सर्गी कण टिपले आणि ट्रुमन यांनीच ही बातमी जगाला दिली. १९५० च्या आरंभी फुक्सला अटक झाली तेव्हा शत्रू आपल्या घरातच होता ही जाणीव अमेरिकेला अधिक बोचली. त्यानंतर १९५२ मध्ये अमेरिकेने आणि १९५३ मध्ये सोव्हिएत संघाने औष्णिक-अण्वस्त्राची, म्हणजे हायड्रोजन बाँबच्या प्रकारातील अस्त्राची चाचणी केली.

एकाच पदार्थाचे दोन उपयोग

हा अविश्वास इतर शस्त्रांबाबतच्या अविश्वासापेक्षा अधिक चिवट ठरला, याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये भंजनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. तारापूरसारख्या अणुभट्टीसाठी ते दोन-तीन टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते. यालाच युरेनियम 'समृद्ध' करणे म्हणतात. बाँबसाठी हे प्रमाण साधारणपणे नव्वद टक्क्यांच्या घरात न्यावे लागते. म्हणजे तारापूरला येणाऱ्या इंधनाचा थेट बाँब होऊ शकत नाही. मात्र अणुभट्टीत हे इंधन जळत असताना त्यातील युरेनियम-२३८ च्या काही भागाचे प्लुटोनियम बनते. वापरलेल्या इंधनातून रासायनिक प्रक्रियेने प्लुटोनियम वेगळे काढता येते. त्याचा उपयोग नव्या इंधनासाठी होतो, तसाच बाँबसाठीही होऊ शकतो. वीज आणि बाँब यांची वाट बरीच दूरपर्यंत एकच असते आणि वाटसरू कोठे वळणार हे त्याच्या मनातच राहते.

ही अडचण भारतातही फार लवकर बोलून दाखविली गेली होती. १९४८ मध्ये संविधान सभेत अणुऊर्जा विधेयकावर चर्चा चालू असताना, शांततामय संशोधनासाठी एवढी गुप्तता कशाला, असा प्रश्न विचारला गेला. शांततेसाठीचा उपयोग आणि संरक्षणासाठीचा उपयोग यांत भेद कसा करावा हे आपल्याला ठाऊक नाही, अशा आशयाची कबुली तेव्हा पंडित नेहरूंनी दिली. त्या काळी भारताकडे एकही अणुभट्टी नव्हती.

'शांततेसाठी अणू' आणि भारताचा आक्षेप

८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू' ही योजना जाहीर केली. अणुसाहित्य व ज्ञान इतर देशांना द्यावे आणि त्यावर आंतरराष्ट्रीय देखरेख ठेवावी, ही तिच्यातील मध्यवर्ती कल्पना होती. तिच्यात औदार्य होते आणि शीतयुद्धाचा हिशोबही होता. नवस्वतंत्र देशांना अणुविद्या मॉस्कोकडून मिळण्यापूर्वी ती वॉशिंग्टनकडून मिळावी, असा तो हिशोब होता. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांच्याकडे होते. तेथे दोन्ही गटांचे शास्त्रज्ञ प्रथमच आपापले निबंध उघडपणे वाचत होते.

या योजनेचा लाभ तुर्भ्याला (ट्रॉम्बे) मिळाला. १९५६ मध्ये कॅनडाशी झालेल्या करारानुसार तेथे ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची अणुभट्टी उभी राहिली. अमेरिकेने तिच्यासाठी जड पाणी पुरविले, म्हणून तिला 'सायरस' हे नाव पडले. ती जुलै १९६० मध्ये कार्यान्वित झाली. या करारांत शांततामय वापराचे वचन होते, तपासणीची तरतूद नव्हती. पुढे घडलेल्या घटनांच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे.

१९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना तयार होत असताना भाभांनी कडक देखरेखीला विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. देखरेख फक्त मदत घेणाऱ्यांवर येणार. ज्यांच्याकडे बाँब आहेत त्यांच्या कारखान्यांत कोणी डोकावणार नाही. म्हणजे जगात देशांचे दोन वर्ग पडणार. या आक्षेपात तथ्य होते. त्याचबरोबर आपला पर्याय मोकळा ठेवण्याची सोयही त्यात होती, हे नाकारण्याचे कारण नाही.

१९६३ चा करार

तारापूरची निवड मुख्यतः भूगोलाने केली. कोळसा तत्कालीन बिहारात व बंगालात, मध्य प्रदेशात आणि आपल्या विदर्भातील कामठी व वर्धा खोऱ्यात सापडतो. कारखाने मात्र मुंबई-अहमदाबाद पट्ट्यात होते. शेकडो किलोमीटर कोळसा वाहून नेण्यापेक्षा पश्चिम किनाऱ्यावर अणुवीज परवडेल, असे भाभांचे गणित होते. त्यांचा दीर्घकालीन आराखडा नैसर्गिक युरेनियमवर आधारलेला होता. तारापूरसाठी मात्र समृद्ध युरेनियमवर चालणारा, लवकर उभा राहणारा आणि स्वस्तात मिळणारा अमेरिकन आराखडा स्वीकारला गेला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रत्येकी २१० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या ठरल्या आणि अमेरिकेने ८ कोटी डॉलरचे, पाऊण टक्का व्याजाचे कर्ज दिले.

कराराची वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून दोन्ही महासत्ता युद्धाच्या उंबरठ्यावर आल्या होत्या आणि त्याच महिन्यात चीनने भारतावर आक्रमण केले. त्या भयातून दोन्ही महासत्ता किंचित सावरल्या. ५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी मॉस्कोत अंशतः चाचणीबंदी करारावर सह्या केल्या आणि तीनच दिवसांनी, ८ ऑगस्टला, तारापूर करार झाला. तो २५ ऑक्टोबर १९६३ पासून तीस वर्षांसाठी अमलात आला.

करारातील दोन तरतुदी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. केंद्राला लागणारे सर्व समृद्ध युरेनियम अमेरिकेने द्यावयाचे आणि भारताने त्याखेरीज दुसरे इंधन वापरावयाचे नाही, ही पहिली. दुसरीनुसार भारताने देखरेख स्वीकारली. मात्र केंद्र केवळ अमेरिकेच्या इंधनावर चालणार आहे म्हणूनच आपण ही देखरेख मान्य करीत आहोत, हे भारताने करारातच नोंदवून ठेवले. अमेरिकेची भूमिका वेगळी असल्याचेही तेथेच नमूद आहे. मतभेद कराराच्या पोटातच लिहून ठेवण्याची ही रीत त्या वेळी सोयीची वाटली असावी. याशिवाय वापरलेल्या इंधनावर भारतात प्रक्रिया करावयाची झाल्यास, तेथे देखरेख परिणामकारक राहील असा दोन्ही पक्षांनी मिळून निर्णय करणे आवश्यक होते. केंद्राने २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास प्रारंभ केला. भारतातील ते पहिले अणुविद्युत् केंद्र होय.

पोखरणनंतर

दरम्यान परिस्थिती पालटली होती. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने अणुचाचणी केली. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेल्या पाच देशांनाच अण्वस्त्रधारी मानले. चीन त्या रेषेच्या आत आणि भारत बाहेर, अशी ही मांडणी असल्यामुळे भारताने सही केली नाही. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बांगलादेश युद्ध चालू असताना अमेरिकेने 'एंटरप्राइझ' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. महासत्तांचा संशय आता थेट भारताच्या दारात आला होता.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने भूमिगत अणुस्फोट केला आणि त्याला शांततामय स्फोट म्हटले. त्यातील प्लुटोनियम 'सायरस'मधील होते. तारापूरच्या इंधनाचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. भारताचा युक्तिवाद असा की खाणकाम, कालवे इत्यादींसाठी अणुस्फोट वापरण्याचे प्रयोग अमेरिका आणि सोव्हिएत संघ हे दोघेही करीत होते, मग तोच शब्द भारताने वापरल्यास वचनभंग कसा होतो? कॅनडा आणि अमेरिका यांचे उत्तर असे की स्फोटक साधन ते स्फोटक साधनच, त्याला नाव काहीही द्या. कॅनडाने तत्काळ सहकार्य थांबविले. अमेरिकेने तारापूरच्या इंधनासाठी नवे आश्वासन मागितले आणि ते मिळाल्यावर पुरवठा चालू ठेवला. ऑक्टोबर १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री किसिंजर दिल्लीस आले. नुकतेच परराष्ट्रमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण आणि किसिंजर यांनी भारत-अमेरिका संयुक्त आयोग स्थापण्याच्या करारावर सह्या केल्या. संबंध तुटू नयेत अशी दोघांचीही इच्छा दिसते.

याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. १९७५ मध्ये लंडन येथे अणुसाहित्य पुरविणाऱ्या सात देशांच्या गुप्त बैठका सुरू झाल्या. त्यांत अमेरिका आणि सोव्हिएत संघ शेजारी बसले होते. ज्यांना १९४६ मध्ये तपासणीचा क्रमही ठरविता आला नव्हता, त्यांचे तिसऱ्यावर तपासणी लादण्याविषयी मात्र एकमत झाले. भारताचा मित्र असलेल्या सोव्हिएत संघानेही राजस्थानातील अणुभट्टीसाठी जड पाणी देताना कडक देखरेखीची अट घातली. परस्परांवरील अविश्वास कमी न होता त्याला एक सामाईक बाजू आली.

१९७८ चा कायदा आणि अमेरिकन काँग्रेसमधील मतदान

१० मार्च १९७८ रोजी अमेरिकेत अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा झाला. ज्या देशाच्या सर्व अणुप्रकल्पांवर आंतरराष्ट्रीय देखरेख नाही त्याला ठरावीक मुदतीनंतर इंधन देऊ नये, अशी त्याची अट होती. भारताने केवळ तारापूरपुरती देखरेख मान्य केलेली होती. एका देशाचा नंतरचा कायदा दोन देशांच्या आधीच्या कराराला कसा बाधू शकतो, हा भारताचा प्रश्न होता. १९७८ च्या जानेवारीत अध्यक्ष कार्टर भारतात आले आणि इंधनाचा एक हप्ता मंजूर केल्याचे त्यांनी संसदेत सांगितले. त्याच भेटीत, पंतप्रधान मोरारजी देसाई यांना कडक शब्दांत पत्र लिहावे लागेल, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना खासगीत म्हणाले. ध्वनिक्षेपक चालू राहिल्यामुळे हे वाक्य पत्रकारांनी ऐकले. मोरारजी स्वतः अण्वस्त्रांचे कट्टर विरोधक होते. तरीही सर्वंकष देखरेखीला त्यांनी नकारच दिला. त्या वर्षी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगात मते समसमान पडली आणि कार्टर यांनी स्वतःच्या अधिकारात इंधन पाठविले.

वादाचा कळस १९८० मध्ये झाला. मे महिन्यात नियामक आयोगाने ३८ टन इंधनाचे परवाने एकमताने नाकारले. जूनमध्ये कार्टर यांनी तो निर्णय फिरविला. याचे कारण तारापुरात शोधून सापडणार नाही. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या आणि भारत पूर्णपणे मॉस्कोकडे ढकलला जाऊ नये, अशी वॉशिंग्टनला चिंता होती. विरोधकांचे म्हणणे असे की भारताने नुकताच सोव्हिएत संघाशी मोठा शस्त्रखरेदी करार केला आहे, मग ही सवलत कशासाठी? १८ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी निर्यातीस विरोध केला. निर्यात रोखण्यासाठी दोन्ही सभागृहांचा विरोध आवश्यक होता. २४ सप्टेंबरला सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने कार्टर यांची बाजू तरली. महाराष्ट्र आणि गुजरात यांना मिळणाऱ्या विजेचा प्रश्न काबूलच्या निमित्ताने वॉशिंग्टनमध्ये निकालात निघत होता.

फ्रान्स, चीन आणि रशिया

ही ओढाताण दोन्ही सरकारांना नकोशी झाली होती. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीत तोडगा निघाला. १९६३ चा करार कायम ठेवावा आणि अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे, असे ठरले. केंद्राचा कारभार मात्र सुरळीत झाला नाही. सुट्या भागांची टंचाई होती आणि दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्यांतील गळतीमुळे प्रत्येक अणुभट्टीची क्षमता १६० मेगावॉटवर आणावी लागली. दुरुस्तीची कामे येथील अभियंत्यांनी स्वतःच्या बळावर केली. किरणोत्सर्गी भागात माणसाने किती वेळ थांबावे याचे मिनिटांत हिशोब ठेवून करावयाची ही कामे होती. तारापूरच्या इतिहासातील हा भाग अधिक तपशिलाने लिहिला जावयास हवा.

२४ ऑक्टोबर १९९३ रोजी कराराची मुदत संपली. तोवर फ्रान्सनेही सर्वंकष देखरेखीची अट स्वीकारलेली असल्याने त्याचा पुरवठा थांबला. करार संपल्यामुळे देखरेखही संपली, असे भारताला म्हणता आले असते. तथापि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी नवा करार करून भारताने ती चालू ठेवली. त्यानंतर इंधन दिले ते चीनने. ज्याच्या १९६४ च्या चाचणीपासून भारताच्या अणुविषयक भूमिकेला वळण लागले, त्याच देशाचे युरेनियम १९९५ पासून तारापूरला आले. पुढे रशियाने, सुरक्षिततेच्या कारणासाठी असलेल्या अपवादाचा आधार घेऊन आणि अमेरिकेचा आक्षेप असताना, इंधन पुरविले. ६ सप्टेंबर २००८ रोजी अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली. लंडनच्या बैठकांतून निर्माण झालेला गट तो हाच. १० ऑक्टोबर २००८ रोजी भारत-अमेरिका नागरी अणुकरारावर सह्या झाल्या.

वापरलेल्या इंधनाचा प्रश्न

ताज्या इंधनाचा प्रश्न सुटला तरी वापरलेल्या इंधनाचा सुटला नाही. ते परत नेण्यास अमेरिका तयार नव्हती आणि त्यावर प्रक्रिया करण्यास तिची संमती नव्हती. तारापूर येथे भारताने प्रक्रिया प्रकल्प उभारलेला होता. पण ज्या संयुक्त निर्णयाची कराराला अपेक्षा होती तो कधी झालाच नाही. १९९३ नंतर आपल्याला या इंधनाविषयी मोकळीक आहे अशी भारताची भूमिका होती. अमेरिकेला ती मान्य नव्हती. प्रत्यक्षात इंधनाचे जुडगे पाण्याच्या तलावांत साठत गेले आणि जागा अपुरी पडू लागल्यावर अणुभट्टीपासून वेगळी साठवणूक-व्यवस्था उभारावी लागली. त्या प्रत्येक जुडग्याची नोंद आंतरराष्ट्रीय निरीक्षक तपासत राहिले. ३० जुलै २०१० रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या व्यवस्थेनुसार अमेरिकी मूळ असलेल्या इंधनावर प्रक्रिया करण्यास संमती मिळाली. त्यासाठी भारताने केवळ याच कामाकरिता, आंतरराष्ट्रीय देखरेखीखालील नवा प्रकल्प उभारावा, अशी तीत अट आहे.